शकूचा नववा गोळा

शकू गेल्यावर पाचव्या दिवशी आमची मुलगी मीना श्रद्धांजलीचा मजकूर लिहून घेऊन आली. पेपरात द्यायचा होता. ‘प्रेमळ, मनमिळाऊ, धार्मिक वृत्तीच्या’ असं लिहिलं होतं. मी म्हणालो, तिन्ही खोटं आहे.

मीना चिडली. “बाबा, आता तरी आईला चांगलं म्हणा.”

मी वाईट कुठं म्हणत होतो? प्रेमळ बाई कशी असते ते मला ठाऊक नाही, पण शकूनं मला जन्मात कधी गोड बोलून जेवायला बसवलं नाही. “गिळा आता, गार होतंय,” एवढंच. मनमिळाऊ म्हणाल तर गारखेड्यात आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायकांशी तिचं बोलणं बंद असायचं, आणि कोणत्या निम्म्या ते दर महिन्याला बदलायचं. देवाला दिवा लावायची, पण हाताला रंग तसाच. एकदा मी म्हणालो, हात तरी धू. तर म्हणाली, “देवाला ठाऊक हाय मी काय काम करते.”

मजकूर तसाच छापून आला. फोटोखाली तीन शब्द, आणि त्यात शकू कुठंच नाही. तिचं काम तर नाहीच नाही. म्हणून मी हे लिहायला बसलोय. शिक्षण सातवी नापास. लिहिताना चुका होतील, त्या माझ्या समजा.

मी खरादी. लाकूड मशीनवर फिरवायचं आणि गोल करायचं, हा धंदा. बाजेचे पाय, लाटणी, भोवरे, पाळण्याच्या दांड्या. घरामागं पत्र्याची शेड, तिच्यात मोटरवर चालणारी खराद, आणि शेडला लागूनच चूल. मीना शाळेत जायला लागली त्या सुमाराला औरंगपुऱ्यातल्या एका शेठनं वेगळं काम दिलं. त्याचं शाळांना सामान पुरवायचं दुकान होतं. नकाशे, मोजपट्ट्या, हाडांचे सापळे. त्याला लाकडी ग्रहमाला पाहिजे होत्या. मधी नारळाएवढा सूर्य, त्याच्याभोवती तारांवर नऊ गोळे, रंगवलेले, बोटानं ढकलले की फिरणारे. नमुना म्हणून शेठनं एक रंगीत तक्ता दिला. तो आम्ही शेडच्या भिंतीला लावला.

आठ गोळे मी केले. गुरू मोसंबीएवढा, पृथ्वी लिंबाएवढी, बुध बोराएवढा. नववा होईना. प्लूटो. तो वाटाण्याएवढा पाहिजे होता आणि माझी बोटं आहेत मुळ्यासारखी. पटाशी लागली रे लागली की गोळा उडायचा, पत्र्यावर टण्ण करून वाजायचा आणि भुशात कुठंतरी जायचा. दोन दिवस मी नुसता शिव्या देत होतो. तिसऱ्या दिवशी लाकूड बघायला गेलो, परत आलो तर शेडमधून मशीनचा आवाज. मला वाटलं कोणी घुसलं.

शकू बसली होती. वेणी ब्लाउजात खोचलेली, पदर कमरेला आवळलेला, डोक्याला माझा टॉवेल गच्च. पुढं बशीत सात गोळे. सातही एकासारखे एक.

“तुला कोणी शिकवलं?” मी म्हणालो.

“दहा वर्षं झाली इथं भाकरी थापते. डोळे काय चुलीत घातले होते व्हय?”

तिची पद्धत माझ्या उलटी होती. मी आधी लाकडाचा तुकडा कापून घ्यायचो आणि मग त्याला गोल करायला बघायचो. ती लांब काडी मशीनला लावायची, काडीच्या टोकाला गोळा घडवायची, तिथंच पॉलिश पेपर मारायची आणि सगळं झाल्यावर शेवटी काडीपासून तोडायची. “तुम्ही लेकराला आधी घराबाहेर काढता आणि मग शिकवाया बघता,” म्हणाली. बघायची बी नाही जास्त. कान द्यायची. लाकडाचा आवाज बारीक झाला की थांबायची. पंचवीस वर्षं खराद चालवून मला हा आवाज ऐकू आला नव्हता. तिनं सांगितल्यावर आला.

तेव्हापासून आठ माझे आणि नववा तिचा. लाकडापासून रंगापर्यंत, सगळा तिचा.

रंग तर सगळ्यांचेच तिचे. ब्रश धरायला शिकवलं इक्बालभाईनं. इक्बालभाई आमच्या ओळखीचा, दुकानांच्या पाट्या रंगवायचा. मराठी, उर्दू, इंग्रजी, तिन्ही अक्षरं हातानं काढायचा. पहिल्यांदा शकूचं काम बघून म्हणाला, “भाभी, ब्रश को ऐसा मारना नक्को. मनाना.” शकू म्हणाली, “भाईजान, मी कोणाची मनधरणी केली नाय आजवर.” पण शिकली. त्याच्याशी मात्र तिचं कधी बिनसलं नाही. का ते मला माहीत नाही. काम करणाऱ्या माणसाला ती मान द्यायची, एवढंच असेल.

रंग कालवला की ती नखावर लावून बघायची. बशीवर नाही, कागदावर नाही, नखावर. म्हणायची, नखाला उजेड बरोबर लागतो. अंगठ्यावर गुरू, मधल्या बोटावर मंगळ, करंगळीवर प्लूटो. एकदा माझ्या भाचीच्या लग्नात दहा बोटं दहा रंगाची घेऊन गेली. माझी बहीण म्हणाली, वहिनी, हे काय, हळदीचे हात असे? शकूनं दोन्ही हात पुढं केले आणि एकेक नख दाखवत सूर्य धरून सगळे ग्रह मोजून दाखवले. हळद लावायच्या आधी सगळ्या बायका तिच्याभोवती. नवरी एकटीच बसली.

आता एका चुकीची गोष्ट सांगतो. ही आमच्याशिवाय जगात कोणाच्या हातून झाली नसेल.

शेठच्या तक्त्यावर नेपच्यून निळा होता आणि त्याच्या पोटावर पिवळसर ठिपका होता. शकू तो ठिपका मन लावून काढायची. बारीक ब्रशनं, कडेला थोडा फिका, मधी दाट. दरएक सेटला. अशी नऊ-दहा वर्षं गेली. मीना दहावीला होती तेव्हा तिच्या पुस्तकात शकूनं नेपच्यून बघितला. ठिपका नाही. पुस्तक घेऊन शेडमधी आली, तक्त्याजवळ गेली आणि नखानं ठिपका खरवडला. निघाला.

वरण होतं. तक्ता लावला त्या आठवड्यात मी त्याच्याखाली बसून जेवत होतो, तेव्हा उडालं असेल.

मी हसलो. लई हसलो. डोळ्याला पाणी येईस्तोवर. तिनं तक्ता काढला, गुंडाळून ठेवला आणि चुलीकडं गेली. दोन दिवस बोलली नाही. मला वाटलं चुकीची लाज वाटती. तिसऱ्या दिवशी भाकरी वाढताना म्हणाली, “एवढ्या शाळा. एवढे मास्तर. एकानं बी इचारलं नाय, हे पिवळं काय हाय म्हणून?”

“बरं झालं की. इचारलं असतं तर माल परत आला असता.”

“तुम्हाला माल दिसतो.”

पुढच्या आठवड्यात डब्यात निळा रंग घेऊन मला म्हणाली, चला. वेरूळच्या रस्त्याला एका गावात तिची मावशी राहायची, तिथल्या शाळेत आमचा सेट गेला होता हे तिला माहीत होतं. एसटीनं गेलो. शाळेत मधली सुट्टी चालू. गुरुजी भला माणूस होता, पण घाबरला. त्याला वाटलं तपासणी आली.

“तपासणी नाय,” शकू म्हणाली. “आम्ही ग्रह करणारे. एक चूक झाली, ती दुरुस्त कराया आलो.”

गुरुजींनी कपाटाची किल्ली शोधली. ती मुख्याध्यापकाच्या खोलीत होती, मग तिथून आली. कपाट उघडलं तर आमचा सेट वरच्या फळीवर, ज्या प्लास्टिकमधी आम्ही बांधला होता त्याच प्लास्टिकमधी. गाठ शकूची. तिनं गाठीकडं बघितलं.

“गुरुजी, हे कधी सोडलंच नाय?”

“बाई, पोरं हात लावतात. तुटलं तर उत्तर मला द्यावं लागतं.”

“तुटलं तर मी करून देईन. पण सोडा तरी.”

आणि तिनंच सोडलं. व्हरांड्यात फरशीवर बसली, नेपच्यूनवरचा ठिपका निळ्यानं झाकला, आणि वाळेपर्यंत पोरांना गोळा करून एकेक ग्रह फिरवून दाखवला. शेवटी प्लूटोला बोट लावलं. “हा सगळ्यात लांब. ह्याला एक फेरी माराया अडीचशे वर्षं लागतेत. पण मारतो. कोणी बघो का न बघो.” हे तिनं मीनाच्या पुस्तकात वाचलं होतं. मी दाराला टेकून उभा होतो. चौथी शिकलेली बाई, आणि गुरुजी बी तिच्यासमोर पोरांत मांडी घालून बसले होते. परत येताना एसटीत खिडकीला डोकं लावून झोपली. मला वाटतं त्या दिवशी मी तिला जेवढं खूश बघितलं तेवढं मीनाच्या लग्नात बी नाही.

मग ते झालं.

बातमी इक्बालभाईनं आणली. सकाळी सायकलवरून उतरला नाही, तसाच दारातून म्हणाला, “भाभी, सुना क्या? तुम्हारा छोटावाला गया.”

शकूच्या हातातला ब्रश थांबला. “कोण गेलं?”

“प्लूटो. टीव्ही पे बता रहे. परदेश में बडे बडे लोग बैठे, हात उप्पर किए, और निकाल दिए. अब आठीच हैं.”

शकूनं ब्रश बशीवर आडवा ठेवला. मग तिनं एवढंच विचारलं, “फुटला का?”

“नई नई, है उधरीच. बस गिनती में से निकाले.”

“त्याला इचारलं का?”

इक्बालभाई हसला. मी बी हसलो. ती हसली नाही.

दुपारपर्यंत गल्लीत झालं. समोरच्या सुलोचनाबाई घाबऱ्या घाबऱ्या आल्या. त्यांनी नुकतीच वास्तुशांत केली होती. “शकू, मग आमची नवग्रहांची पूजा वाया गेली का गं? एक सुपारी जास्तीची झाली ना?” शकूचं त्या महिन्यात त्यांच्याशी बोलणं बंद होतं, तरी बोलली. “भटजीचे नऊ येगळे, शेठचे नऊ येगळे. तुमच्यात राहू-केतू हायेत. त्यांना हात लावायची कोणाची छाती नाय. काढतेत ते गरिबालाच.”

चार दिवसांनी शेठचा टेम्पो आला. साठ सेट परत. नुकतेच पाठवले होते, अजून दुकानातच होते. शेठ स्वतः आला होता. वाईट माणूस नव्हता तो, चहा घेतला, खाली बघत बोलला. “वहिनी, आता शाळा आठच मागतायत. नववा काढून द्या. तारेच्या भोकात लांबीचा लगदा भरून रंग मारा, म्हणजे कळणार नाही.”

“इतकी वर्षं ठिपका कळला नाय,” शकू म्हणाली, “आता लगेच मोजाया लागले?”

शेठला ठिपक्याचं काही माहीत नव्हतं. तो गेल्यावर ती सेटांच्या ढिगाकडं बघत उभी होती, आणि मी बोललो. जे बोललो ते इथं लिहायलाच पाहिजे, नाहीतर बाकी लिहिण्याला काही अर्थ नाही. मी म्हणालो, “बरं झालं. सगळ्यात किचकट तोच होता. तेवढाच ताप गेला.”

मी हे रागानं म्हणालो नाही, चेष्टेनं बी नाही. माझ्या हिशेबानं मी तिचं काम हलकं झालं म्हणून बोललो. ती माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, “व्हय. गेला ताप.”

साठ सेटांतनं तिनं एकटीनं तारा उपसल्या. मला हात लावू दिला नाही. पक्कड घेऊन बसायची, तार पिळायची, ओढायची. भोकात लांबी भरायची, वाळली की घासायची, काळा रंग मारायची. तक्रार एक नाही. साठावा झाला आणि उठून भाकरी टाकायला गेली. काढलेले गोळे कुठं ठेवले मला माहीत नाही. मी विचारलं नाही आणि ती गेल्यावर घर झाडताना बी कुठं सापडले नाहीत.

त्यानंतर शकू मशीनवर बसली नाही.

हे माझ्या ध्यानात यायला चार-पाच महिने लागले, एवढा मी शहाणा. रंगाचं काम चालूच होतं, आठ गोळ्यांचं. ती चुलीकडून सरळ रंगाच्या पाटावर यायची. मशीनच्या बाजूनं जायची नाही, शेडला वळसा घालून यायची. एकदा भोवऱ्यांचं बारीक काम आलं तेव्हा मी म्हणालो, “तू बस की, तुझा हात बारीक आहे.” म्हणाली, “तिथं माझं काय काम हाय?” मी म्हणालो, बरं. मी नेहमी ‘बरं’ म्हणतो. तेवढ्यावर संसार झाला माझा.

आज एकटा बसून त्या वरच्या गोळ्याचा विचार करतो तेव्हा वाटतं, त्याला काय फरक पडला? काही नाही. त्याला कोणी ग्रह म्हणालं तेव्हा तो नाचला नसेल, आणि काढलं तेव्हा रडला नसेल. मीना सांगते, त्या लोकांनी नियम केला, नियमात तो बसत नव्हता, त्यात कोणाचं काही चुकलं नाही. असेल. मोठी माणसं आहेत, विचार करूनच हात वर केले असतील. पण त्यांना कुठं माहीत की गारखेड्यात एक बाई पत्र्याच्या शेडमधी बसून तो घडवते आणि तिच्या नावावर दुसरं काहीच नाही? त्यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं. मग चूक कोणाची झाली?

हळूहळू शेठचं काम बी बंद पडलं. प्लास्टिकचे सेट आले, मग शाळांत पडद्यावर दाखवायला लागले. शेठनं दुकान बंद केलं. इक्बालभाईच्या पाट्या मशीनवर छापायला लागल्या, तो पोराकडं राहायला गेला. शकू दिवाळीच्या पणत्या रंगवायची, कोणाच्या दारावर शुभ-लाभ काढायची.

त्यात एकदा मीना आली. फोनवर एक फोटो दाखवायला लागली. “आई, बघ. तुझा प्लूटो. यान गेलं होतं त्याच्याजवळ.”

शकूनं चष्मा लावला. फोन डोळ्यांजवळ नेला, लांब केला, परत जवळ नेला.

“बदामी हाय,” ती म्हणाली. “मी राखी मारत होते. शेठचा तक्ता चुकीचा.”

“आणि हे बघ, इथं पांढरा भाग आहे. पत्त्यातल्या बदामाच्या आकाराचा. सगळं जग म्हणतंय, त्यानं काळीज दाखवलं.”

शकू बघत राहिली. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडती. हसत होती. “काळीज कशाचं,” म्हणाली, “वरण सांडलंय त्याच्यावर. डाग ह्याचा होता गं, आपण दुसऱ्याच्याच अंगाला लावला.”

त्या दोघी हसत होत्या. मीनाला ठिपक्याची गोष्ट माहीत होती. शकूनं फोन माझ्यापुढं धरला. “बघा तरी.” त्या वेळी माझ्यापुढं संधी होती. एवढंच म्हणायचं होतं, शकू, तू केलेला बी असाच गोल होता. मी म्हणालो, “आता काय बघायचं? तो तर ग्रह बी राहिला नाही.”

हसणं थांबलं. मीनानं फोन खिशात घातला. शकू उठून चहा ठेवायला गेली.

असं मी दोनदा बोललो. एकदा माणूस चुकून बोलतो, दुसऱ्यांदा तो तसाच असतो.

शेवटची दोन वर्षं तिला दम लागायचा. पायऱ्या चढवायच्या नाहीत. तरी जिभेची धार तीच. डॉक्टर म्हणाले, रंगाचा वास बंद करा, तर म्हणाली, “वास सोडला तर मी घरात हाय हे ह्यांना कळायचं कसं?” आता चार महिने झाले घरात वास नाही. टर्पेंटाइनची बाटली उघडून ठेवावी वाटली एकदा, पण ते ढोंग झालं असतं. लोक विचारतात, रडलात का. मला रडता येत नाही. मला राग येतो. भाजी खारट झाली की येतो, कारण मीच केलेली असते.

त्या दिवशी दुपारी जेवताना तिला घासच उतरेना. ओठ निळसर दिसायला लागले. मीनाला फोन केला, रिक्षा केली, मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं केस पेपर काढायची रांग. दवाखान्यातल्या एका मावशीनं चाकाची खुर्ची आणली, शकूला बसवलं. मीना डॉक्टर बघायला पळाली. मी खिडकीशी. आत एक मुलगी कंप्युटरवर.

“पेशंटचं नाव?” सांगितलं. “वय?” सांगितलं. “पत्ता?” सांगितला.

“व्यवसाय?”

जन्मभर कोणी विचारलं की मी ‘घरकाम’ सांगत आलो होतो. तोंडात तेच आलं होतं. मी मागं बघितलं. शकू खुर्चीत वाकून बसली होती, तोंडानं श्वास घेत होती, पण डोळे माझ्यावर होते. कान देत होती.

“खरादी,” मी म्हणालो.

“काका, तुमचा नाही. पेशंटचा.”

“पेशंटचाच सांगतोय. लाकूडकाम. मशीनवर गोळे करायची. माझ्यापेक्षा चांगले करायची.”

आवाज मोठा झाला असेल. रांगेतली माणसं बघायला लागली. मुलगी गोंधळली. “काका, ह्याच्यात तसं येत नाही. यादी आहे, त्यातलं एक घ्यावं लागतं. गृहिणी टाकू?”

“नाय.”

“मग मजूर?”

“नाय. मजूर कशाची? कारागीर.”

“कारागीर नाहीये ह्याच्यात.”

मागून कोणीतरी म्हणालं, “चाचा, जल्दी करो ना, सबके पेशंट हैं.” बरोबर होतं त्याचं. पण माझे पाय हलेनात. मुलगी पडद्यावर खाली-वर बघत होती. शेवटी म्हणाली, “इतर टाकते. चालेल?”

मी काही बोलणार तेवढ्यात मागून शकूचा आवाज आला. बारीक, तुटका, पण तिचाच.

“पोरी, इतरमधी अजून कोण कोण हाय?”

मुलीनं मान वर केली. आधी तिला कळलं नाही कोण बोललं. मग हसली. “खूप जण आहेत आजी.”

“मग टाक.”

कागद निघाला. मावशीनं खुर्ची वळवली. मी कागद घेऊन बाजूनं चालायला लागलो. शकूनं माझा हात धरला नाही, तसलं ती कधी करायची नाही. पदर सारखा केला, केस कानामागं घेतले. म्हणाली, “एवढ्या मोठ्यानं कामून बोलता? सगळे बघतेत.”

“बघू दे,” मी म्हणालो.

दारापाशी मावशीनं मला थांबवलं, पुढं एकट्या पेशंटला नेत होते. परत बाहेर आणलं ते तिसऱ्या दिवशी, आणि तेव्हा बघण्यासारखं काही राहिलं नव्हतं. मी शेवटची बघितलेली शकू ती चाकाच्या खुर्चीतली. दार उघडलं तेव्हा तिनं वाकलेली पाठ सरळ केली आणि मावशीला विचारलं, “किती लांब हाय अजून?” मावशी म्हणाली, “हे काय, आलंच.” शकू म्हणाली, “मग हळू चला. घाई नाय मला,” आणि दार लागलं.